मार्क्स कार्ड शाळेतच राहिलंय? आधी कपाट उघडायला लावा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी हायस्कूलचं ऑफिस मी निवृत्त होईपर्यंत सांभाळलं. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, पास होऊनही मार्क्स कार्ड न नेलेली पोरं दरवर्षी असायचीच. पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेलं नाही, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नाहीतर गोव्यात कामाला लागलं, की त्या कागदाची आठवण कुणाला येतेय! आठवण होते ती गल्फला जायचं ठरल्यावर. दहावी पासचा पुरावा नसेल, तर पासपोर्ट ईसीआर, म्हणजे सरकारी मंजुरी लागणारा, निघतो आणि तिकडच्या नोकरीसाठी वेगळी परवानगी काढत बसावं लागतं.

अशा वेळी कुणीतरी सांगतं, पोलिसात तक्रार दे, अ‍ॅफिडेव्हिट कर, डुप्लिकेट काढ. थांबा. ते सगळं हरवलेल्या कार्डासाठी. तुमचं हरवलेलंच नाही, बोर्डाने शाळेला पाठवलंय आणि बहुतेक ते तिथेच पडून आहे.

शाळेत जाण्याआधी फोन करा. एप्रिल-मे आणि दसऱ्याची सुट्टी टाळा. क्लार्क बीईओ ऑफिसला (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे) गेलेला असला तर कपाटाची किल्लीही त्याच्याच खिशात. सोबत आधार आणि हॉल तिकीट न्या. हॉल तिकीट नसेल तर निदान पास झालेलं साल आणि रजिस्टर नंबर हवा, कारण गठ्ठे सालवार बांधलेले असतात. आमच्याकडे लाल फडक्यात, वर चिठ्ठी. एखादा विषय राहून पुरवणीत सुटला असेल तर ते आवर्जून सांगा. तुमचं कार्ड त्या परीक्षेच्या वेगळ्या गठ्ठ्यात असतं, आणि क्लार्क मुख्य गठ्ठा चाळून ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. २०२४ पासून परीक्षांना १, २ असे क्रमांक आलेत, तेव्हा नेमकी कितवी तेही सांगा.

हेडमास्तरांच्या नावे दोन ओळींचा अर्ज पुरे. स्वतः येता येत नसेल तर सहीचं अधिकारपत्र देऊन आईवडिलांना पाठवा.

रजिस्टरात सही करण्याआधी तिथेच उभं राहून कार्ड वाचा. तुमचं नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख. आपली आडनावं इंग्रजीत लिहिताना काय काय होतं ते मी पाहिलंय. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज हेडमास्तरांमार्फतच बोर्डाला जातो, म्हणून त्याच दिवशी विषय काढा. टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) राहिली असेल तर तीही मागून घ्या.

शाळा बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठे गेलं ते तालुक्याच्या बीईओ ऑफिसात कळतं. तिथला अर्ज कन्नडात लिहून नेलात तर काम लवकर होतं, हा अनुभव. कपाटात खरंच नाही निघालं, तरच डुप्लिकेट. तोही अर्ज शाळेमार्फत.

अलीकडच्या सालांची कार्डं डिजिलॉकरवर मिळतात, घाईत ती चालतात. पण परदेशासाठी अटेस्टेशन, म्हणजे कागद खरा असल्याचे सरकारी शिक्के, करायचं तर मूळ कागदच लागतो. आणि कृपा करून त्याला लॅमिनेशन करू नका, शिक्के मागच्या बाजूला मारतात.