शेवाळावरून पाण्याची विषारीपणा चाचणी : या चुका टाळा

पाण्यात विष आहे का, हे त्यात शेवाळ किती वाढतं यावरून तपासतात. नागपूरच्या नाग नदीचं पाणी शेवाळाच्या फ्लास्कमध्ये घातलं आणि तिसऱ्या दिवशी शेवाळ कंट्रोलपेक्षाही, म्हणजे नमुना न घातलेल्या तुलनेच्या फ्लास्कपेक्षाही हिरवंगार. ‘सर, पाणी तर चांगलं निघालं!’ विद्यार्थिनी खूश. मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर चाचणीसाठी वाढवलेल्या आमच्या चंद्रकोरीसारख्या राफिडोसेलिस शेवाळाच्या गर्दीत गोल, लांबट अशा परक्या पेशी. नमुना गाळायचा राहिला होता, त्यामुळे नदीचं शेवाळही मोजणीत आलं. वर सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस, म्हणजे खुराकच. आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. पण गाळताना कणांना चिकटलेलं विषही मागे राहतं, हे नोंदवहीत लिहा.

निकाल वाचायची घाई नको, आधी कंट्रोल बघा. ७२ तासांत त्यातल्या पेशी किमान १६ पट व्हायला हव्यात. मिलिलिटरला १० हजारांनी सुरुवात केली तर १ लाख ६० हजार. तापमान २१ ते २४ अंश. आपल्याकडे मे महिन्यात हे म्हणजे दिव्यच. एकदा रात्री लाइट गेली, एसी बंद, सकाळी खोलीची भट्टी झालेली. कंट्रोल जेमतेम पाच पट वाढलं होतं. सगळी बॅच ओतून दिली. जीव हळहळला, पण दुसरा इलाज नव्हता.

भांडी नळाच्या पाण्याने विसळून तशीच वापरू नका, त्यातलं क्लोरीन शेवाळाला मारतं. शेवटी डिस्टिल्ड वॉटर हवंच.

पीएच सुरुवातीपेक्षा १.५ हून जास्तने चढला तर धातूंच्या चाचणीवर विसंबू नका. शेवाळ कार्बन डायऑक्साइड संपवतं म्हणून तो चढतो. सुरुवातीच्या पेशी कमी घ्या, फ्लास्क हलते ठेवा, बूच हवा खेळेल असं लावा. शेवाळ वाढवायच्या द्रावणातलं ईडीटीए हे रसायनही तांब्यासारख्या धातूला बांधून ठेवतं आणि विष सौम्य भासतं. ‘जरा जास्तच घालू’ हा उत्साह इथे महागात पडतो.

झटपट निकालासाठी क्लोरोफिलचा फ्लुरोसन्स, म्हणजे त्यातून परत बाहेर पडणारा प्रकाश मोजतात. मोजण्याआधी नमुना १५-२० मिनिटं अंधारात ठेवायला लोक हमखास विसरतात. कापसातलं तणनाशक डायुरॉन थेट प्रकाशसंश्लेषण अडवतं, म्हणून अर्ध्या तासातही पकडलं जातं. पेशींचं विभाजन रोखणारं विष मात्र एवढ्यात दिसेलच असं नाही. तेव्हा अर्ध्या तासात काही दिसलं नाही म्हणून ‘बिनविषारी’ लिहू नका. त्याच नमुन्याची ७२ तासांची चाचणीही लावा.