दुबईहून लॅपटॉप आणताय? आधी हे बघा
तिकडे व्हॅट 5 टक्के, आपल्याकडे जीएसटी 18, म्हणून सगळ्यांना वाटतं दुबईत स्वस्तच पडणार, पण आपल्या कार्डवर फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनात खर्च केला की बँक लावते तो जादा आकार) लागतो तो कोणी धरतच नाही, आणि इथल्या सेलमधल्या बँक ऑफरशी ताडून बघितलं तर कधीकधी फरक चहापाण्यापुरताच उरतो. घ्यायचाच असेल तर दुकानात टॅक्स फ्री बिल मागा, पासपोर्ट जवळ ठेवा, एअरपोर्टवर सामान चेक-इन करायच्या आधी व्हॅट रिफंडचं काम उरका. 18 वर्षांवरच्या माणसाला एक लॅपटॉप ड्युटी न भरता आणता येतो. इंटरनॅशनल वॉरंटी विचाराच. आणि हो, बॉक्स उघडून कीबोर्ड बघा, माझ्या लॅपटॉपवर अरबी अक्षरं निघाली, प्लगपण तीन चौकोनी पिनांचा 😅