साठीनंतर मलावीत दोन वर्षं: संसार कसा मांडायचा

आमच्या चर्चच्या मंडळीतलं एक जोडपं पुढच्या वर्षी मिशनसेवेसाठी आफ्रिकेतल्या मलावीला निघालंय. परवा भक्ती सुटल्यावर त्या बाईंनी मला गाठलं आणि हळूच विचारलं, "काकू, तिकडे दिवसभर करायचं काय असतं हो?" मला हसू आलं, कारण निघताना मलाही हेच विचारायचं होतं आणि लाज वाटली होती. पाठवणाऱ्या संस्थेच्या पत्रात कामाचं नाव असतं. सकाळी सहा ते रात्री नऊ कसे जातात हे त्यात नसतं.

मी निवृत्त नर्स. आमचे मिस्टर एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सप्टेंबर 2022 पासून दोन वर्षं आम्ही दक्षिण मलावीत, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी, एका मिशन हॉस्पिटलच्या आवारात राहिलो. मी तेव्हा बासष्टची, हे सहासष्टचे. आमच्या नगरला 1831 पासून मिशनरी येत राहिले, त्यांच्या बंगल्यांच्या आवारात मी लहानाची मोठी झाले. आपणच कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये पाहुणे म्हणून जाऊ असं कधी वाटलं नव्हतं.

आधी इकडची कामं उरका. कामाचा परवाना संस्था काढते, त्यात आपण लुडबुड करू नये. पिवळ्या तापाची लस मात्र स्वतः लक्षात ठेवा. मुंबईहून इथिओपियातल्या आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर त्या लसीचं पिवळं कार्ड हवंच, कारण त्या देशात हा ताप आहे. ते नसेल तर परतताना मुंबईत सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस ठराविक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना धोका जरा जास्त असतो, म्हणून डॉक्टरांना आपली सगळी दुखणी सांगूनच घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या सहा महिन्यांच्या न्या, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घ्या. हयातीच्या दाखल्याचं दोन्ही वर्षांचं आधीच विचारून ठेवा. आम्ही पहिल्या वर्षीचा देऊन निघालो, दुसऱ्या वर्षीचा विसरलो, आणि ह्यांचं पेन्शन तीन महिने थांबलं. चूक आमचीच होती, पण त्यावरून आमचं जे भांडण झालं ते बहुतेक शेजारच्या वॉर्डात ऐकू गेलं असेल.

सामानात काय न्यावं? तिकडची प्लगची भोकं चौकोनी असतात, तेव्हा तसे तीन-चार अॅडॉप्टर लागतील. डॉलर नवे, न दुमडलेले न्या, जुन्या किंवा छोट्या नोटांना भाव कमी मिळतो. आणि ते एकदम बदलून ठेवू नका. नोव्हेंबर 2023 मध्ये तिकडच्या क्वाचा ह्या चलनाचं एका फटक्यात 44 टक्के अवमूल्यन झालं. ज्यांनी सगळे पैसे आधीच क्वाचात करून ठेवले होते ते हात चोळत बसले. दोन स्वेटर घ्या. आफ्रिका म्हणून मी सगळी सुती लुगडी भरली होती आणि जूनमध्ये चिपेरोनी सुरू झालं. चिपेरोनी म्हणजे मोझांबिककडून येणारं गार धुकं आणि भुरभुर पाऊस, तीन-तीन दिवस ऊन दिसत नाही. शेवटचं, कुकर. त्याबरोबर दोन जादा रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. मी रिंग एकच जादा नेली होती.

खाण्याची काळजी मराठी माणसाला नाही. न्सिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातानेच खायची. जेवणाआधी कुणीतरी तांब्याने आपल्या हातावर पाणी घालतं, अगदी आपल्या गावच्या पंगतीसारखं. उसिपा नावाचे सरोवरातले बारीक सुके मासे मिळतात. सुकट खाल्लेल्याला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. भोपळ्याच्या पानांची भाजी ते चक्क शेंगदाण्याचं कूट घालून करतात. पहिल्यांदा ती ताटात आली तेव्हा ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच स्वयंपाकघरात जाऊन करून आले. तूर तर त्या भागात शेताशेतात. तिला नांदोलो म्हणतात आणि तिथून ती भारतातही येते. डाळ हवी असेल तर ब्लँटायर शहराला लागून लिंबे आहे, तिथे गुजराती दुकानांत मिळते. पण हिरव्या शेंगा असतील तेव्हा डाळीच्या मागे लागू नका, सोल्यांची आमटी करा. वीज जातेच. म्हणून म्बाऊला, म्हणजे कोळशाची शेगडी, पहिल्याच आठवड्यात घ्या आणि ती दाराबाहेर पेटवा.

आता मुख्य गोष्ट, नमस्कार-चमत्कार. सकाळी भेटल्यावर "म्वाद्झुका ब्वांजी?" म्हणायचं, म्हणजे कसे उठलात? उत्तर, "न्दाद्झुका ब्विनो, काया इनू?" मी बरी उठले, तुम्ही? 'इनू' म्हणजे तुम्ही, 'इवे' म्हणजे तू. मोठ्या माणसाला 'इवे' म्हटलं तर आपल्याकडे सासऱ्यांना अरे-तुरे केल्यासारखं होतं. वस्तू देता-घेताना दोन्ही हात, किंवा उजव्या हाताला डाव्याचा आधार. घरापासून वॉर्डापर्यंत माझी चाल चार मिनिटांची होती, पण मी पंचवीस मिनिटं आधी निघायची. पहिल्या महिन्यात वाटायचं की कामाचा वेळ वाया जातोय. पुढे कळलं की हजेरी तिथेच लागते. त्या वर्षी कॉलऱ्याची साथ होती, देशाच्या इतिहासातली सर्वांत मोठी. चर्चच्या दाराशी क्लोरीनच्या पाण्याची बादली, हातात हात देणं बंद. तरी चौकशी एका शब्दाने कमी झाली नाही.

घराला बेल नसते. बाहेरून "ओडी!" अशी हाक येते, आतून "ओडिनी" म्हणायचं. हाक कधीही येते. काही मागायलाही येते. दारात रोख पैसे द्यायचे नाहीत, हे चर्चच्या पाळकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा पस्तावले, कारण तिसऱ्या दिवशी दारात रांग. शाळेची फी असेल तर शाळेतच भरायची. जानेवारी-फेब्रुवारीत कणग्या रिकाम्या होतात, नवा मका शेतात कोवळा असतो, तेव्हा मका द्यायचा आणि तोही मंडळीमार्फत. उलट, घरकामाला बाई ठेवायला मी नाही म्हणत होते. माझी भांडी मी घासीन, मिरवायचं कशाला? मेट्रननी शांतपणे सांगितलं की तुमच्या साधेपणामुळे एका घराचा पगार जातो. दुसऱ्या दिवसापासून बाई आली.

ह्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी बंद पडलेला जनरेटर उघडला. ऑइल प्रेशरच्या स्विचमुळे तो आपोआप बंद पडत होता. ह्यांनी स्विच खराब धरला, वायर जोडून तो बाजूला काढला, आणि चार वाजता जनरेटर धडधडायला लागला. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचा प्रमुख कामावर आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. अकराव्या दिवशी इंजिन जॅम झालं. स्विच ठीक होता, ऑइल पंपच पुरेसा दाब देत नव्हता, आणि हे त्या प्रमुखाला माहीत होतं. तो ब्लँटायरहून पंप यायची वाट बघत होता. ह्यांनी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. ह्यांनी विचारलं नाही, आणि म्हाताऱ्या पाहुण्याला 'चुकताय' म्हणणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. हे त्याच्या घरी गेले, बाहेरून "ओडी" म्हणाले आणि आंब्याखाली दीड तास बसले. जनरेटरचं नाव कुणी काढलं नाही. उठताना त्याने ह्यांना एक कोंबडी दिली. म्हणून सांगते, पहिले तीन महिने कशालाही पाना लावू नका. पाना धरून उभे राहा.

मयतीला जायचंच. कामं बाजूला ठेवून जायचं. बायका आत जमिनीवर बसतात, पुरुष बाहेर. "पेपानी" (म्हणजे वाईट वाटलं) एवढा एकच शब्द पुरतो. मक्याचं पीठ किंवा थोडे पैसे न्यायचे. पहिल्या वेळी मी पंजाबी ड्रेसवर गेले. दारात एका म्हातारीने काही न बोलता आपल्या खांद्यावरचं चितेंजे काढून माझ्या कमरेला गुंडाळलं, गाठ मारली आणि मला हाताला धरून आत नेऊन बसवलं. चितेंजे म्हणजे दोन वार कापड, बायका कमरेला लावतात, त्यातच बाळ बांधतात. मी सहा घेतली. बाजारात सुरुवातीला मला 'अम्वेन्ये' म्हणायचे, म्हणजे भारतीय दुकानदार लोकांपैकी. त्या मयतीनंतर आवारातली पोरं 'अगोगो' म्हणायला लागली, म्हणजे आजी.

रविवारची उपासना तीन तास धरून चाला. गायनाची तीन-चार पथकं असतात आणि दानार्पणाला लोक गात-डोलत पुढे जातात. ह्यांचे गुडघे बघता आम्ही रांगेच्या शेवटी राहायचो. आपल्या चर्चच्या कापणीच्या सणात कोंबड्या-भोपळ्यांचा लिलाव होतो, तो बघितलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

नवरा-बायकोचं एक सांगते. चौतीस वर्षांच्या संसारात ह्यांची रात्रपाळी आणि माझी वॉर्डची ड्युटी, आम्ही सलग आठ दिवस सकाळचा चहा एकत्र घेतलेला मला आठवत नाही. तिथे दोन खोल्या, आणि माणसं आम्ही दोघंच. तिसऱ्या आठवड्यात कप कुठे ठेवायचा यावरून अबोला झाला. बहीण नाही, जाऊ नाही, बोलायचं कुणाशी? शेवटी ठरवलं की गुरुवारी दुपारी दोघांनी दोन दिशांना जायचं. हे चहाच्या मळ्यातून फिरून यायचे, मी महिला मंडळात. संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असायचं. मुलांना फोन संध्याकाळी साडेपाचला, कारण तिकडे साडेपाच म्हणजे इकडे नऊ. रोज करू नका. रोज केला की सुनेच्या घरातला प्रत्येक खोकला आपल्या डोक्यात बसतो.

ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी, "उद्या बघू" नाही. मी नर्स असून एकदा उद्यावर ढकललं आणि चार दिवस सलाईनवर काढले.

निघताना सामान वाटायचं असतं. कुणाला काय ते मेट्रनना विचारून, यादी करून द्या, नाहीतर मागे रुसवे राहतात. कुकर मी घरकामाच्या बाईला दिला. नांदोलो त्यात अर्ध्या वेळात शिजतात, कोळसा वाचतो. गेल्या महिन्यात तिचा व्हॉइस मेसेज आला. आधी कशा उठलात, मुलं कशी, गुडघे कसे, ते सगळं झालं, आणि मग म्हणाली रिंग सैल झालीय, वाफ जाते. पाच लिटरच्या तीन रिंगा आणून ठेवल्यात. ते जोडपं निघेल तेव्हा त्यांच्या बॅगेत घालीन. त्याआधी कुणी तिकडे जाणार असेल तर सांगा.