अंथरुणावर असलेल्या म्हाताऱ्या माणसाची पाठ कशी सांभाळायची

खुब्याचं हाड मोडलं, पॅरालिसिस झाला किंवा वयामुळे अंगात ताकदच राहिली नाही की आपल्याकडे म्हणतात "आता ते अंथरुणावरच आहेत", आणि घरातले सगळे औषधं, रिपोर्ट, जेवण याच्या मागे लागतात. ते करायलाच हवं, पण पाठीकडे कोण बघतंय? बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबल्या गेलेल्या जागी होणारी जखम, झाला की महिनोन्‌महिने भरत नाही, दुखतो, त्यात इन्फेक्शन होतं, आणि मधुमेह असेल तर आणखी कठीण. माझ्या सासूबाईंचं सगळं घरीच केलंय, म्हणून जे मनापासून वाटतं ते सांगते, दिवसभरात एकच काम नीट जमणार असेल तर ते कूस बदलायचं काम असू द्या.

हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं, बाहेरून दिसेपर्यंत आत बरंच झालेलं असतं. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठ, डावी, उजवी, परत पाठ. घड्याळ बघून लक्षात राहत नाही, म्हणून घरातल्या कामांना बांधून टाका, सकाळचा चहा झाला की डावी कूस, अंघोळीनंतर उजवी, जेवण बसवून, असं. कालनिर्णयच्या शेजारी एक कागद चिकटवा, वेळ आणि कूस लिहायची, म्हणजे दिवसाच्या मावशी गेल्या आणि मुलगा ऑफिसातून आला तरी त्याला विचारायला लागत नाही की शेवटचं कधी वळवलं होतं.

वळवायचं कसं, तर ओढायचं नाही. आधी सांगायचं, "आई, आता डावीकडे वळवते हं", ऐकू येत नसेल, कळत नसेल तरी सांगायचं, अचानक हात लागला की माणूस घाबरून अंग आखडतं. डावीकडे वळवायचं तर आपण त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, त्यांचा डावा हात अंगापासून थोडा लांब ठेवायचा, उजवा हात छातीवर घ्यायचा, उजवा गुडघा वाकवायचा, मग एक हात त्यांच्या उजव्या खांद्यावर आणि एक खुब्यावर ठेवून आपल्याकडे हलकेच वळवायचं. पॅरालिसिसचा हात असेल तर तो धरून कधीच ओढू नका, खांदा निखळू शकतो. पूर्ण आडवं कुशीवर ठेवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं ठेवा. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी हवीच, आणि खालचा हात अंगाखाली अडकला नाही ना ते बघा.

वर सरकवायचं असेल तेव्हा काखेत हात घालून ओढतात, त्यात पाठीची कातडी गादीवर घासते. त्यापेक्षा खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी जुनी सुती साडी चौपदरी करून अंगाखाली घालून ठेवायची आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलून सरकवायचं. नऊवारी असेल तर उत्तम, मऊ असते आणि धुऊन लगेच वाळते. बेड डोक्याकडून उंच करून तासन्‌तास ठेवला तरी माणूस खाली घसरत राहतं आणि माकडहाडाची कातडी ताणली जाते, म्हणून जेवणाची वेळ सोडून उंची कमीच ठेवा (दम्याचा, हार्टचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढी).

आता बघायचं कुठे? माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याच्या पाती, डोक्याची मागची बाजू, आणि कान सुद्धा. रोज पुसताना उजेडात बघा. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबा, दाबल्यावर फिका पडून परत लाल झाला तर भार काढल्यावर बरा होतो, दाबूनही रंग तसाच राहिला तर आत इजा सुरू झालीय. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही, तिथे आजूबाजूपेक्षा काळपट किंवा जांभळट रंग, हाताला गरम लागणं, कडक किंवा पिठासारखं मऊ लागणं हे बघायचं. अशा जागेवर त्यांना अजिबात झोपवू नका, आणि कृपा करून तिथे तेल चोळू नका, मालिश केल्याने आतली नाजूक झालेली कातडी आणखी फाटते. स्पिरिट लावून वर पावडर टाकायची जुनी पद्धत पण सोडा, स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात.

वळवताना चादरीवरून हात फिरवा, बिस्किटाचा चुरा, सुरकुती, सगळं काढा. अंगावरचं पण तपासा, म्हाताऱ्या पुरुषांचा करगोटा असतो, त्याची गाठ बरोबर कमरेच्या हाडाखाली येते, बायकांच्या बांगड्या, परकराच्या नाडीची गाठ, मागे बटणं असलेला गाऊन, या गोष्टी दोन तास अंगाखाली राहिल्या की वळ उठतो. करगोटा काढायला नको म्हणत असतील तर मन मोडू नका, गाठ पुढे पोटावर घ्या आणि सैल करा.

टाचांसाठी पोटरीखाली उशी ठेवा, टाच हवेत राहिली पाहिजे. मधोमध भोक असलेली रबरी रिंग माकडहाडाखाली ठेवतात ती नको, कडेने दाब येऊन मधल्या भागाचं रक्त उलट कमी होतं. एअर मॅट्रेस जरूर घ्या, भाड्याने पण मिळते, पंपाने तिचे फुगे आळीपाळीने भरतात आणि उतरतात. पण तिच्यावर गोधडी, रबरशीट, परत चादर असे थर घातले तर तिचा उपयोग राहत नाही, एकच पातळ चादर सैल घाला. लाईट गेली की पंप बंद, तेव्हा हात घालून हवा आहे का बघा. आणि मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलणं बंद करायचं नाही. गादी चांगली असेल आणि सकाळी कातडी नीट दिसत असेल तर रात्रीचं अंतर वाढवता येतं, ते डॉक्टरांना विचारून ठरवा, रात्री जागणाऱ्यालाही झोप लागतेच ना.

ओल हा दुसरा शत्रू. डायपर भरेपर्यंत थांबू नका, शी झाली तर ताबडतोब, कोमट पाण्याने पुढून मागे पुसायचं, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही, मग झिंक ऑक्साइडचं क्रीम किंवा व्हॅसलीनचा पातळ थर. दिवसा थोडा वेळ डायपर काढून खाली अंडरपॅड घालून ठेवलं तर कातडीला हवा लागते.

नुसत्या पेजेवर आणि चहा-बिस्किटावर ठेवलं तर कातडीला काही मिळत नाही. घट्ट वरण, अंडं, दूध, दही, पनीर कुस्करून, मासे खात असतील तर काटे काढून, किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून. भरवताना उशा लावून नीट बसवा, हनुवटी किंचित खाली, घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका, ठसका लागून अन्न फुप्फुसात जातं.

कातडी सोलली, फोड आला, काळा डाग पडला, पाणी किंवा पू यायला लागला, वास आला, ताप आला, यातलं काहीही दिसलं तर हळद, मध, कुणी सांगितलेलं मलम यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी फोटो काढून डॉक्टरांना पाठवा आणि ड्रेसिंगसाठी घरी नर्स कधी येईल ते विचारा.