अक्कडियन ‘क़बूम’ शिकताना या चुका टाळा

अक्कडियन, म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियातली भाषा, शिकायला बसलेल्या मराठी माणसाचा पहिला घात त्याच्या ओळखीचेच शब्द करतात. ‘क़बूम’ म्हणजे म्हणणे, सांगणे. पण तो पाहिला की ‘कबूल’ आठवतं. माझ्या वहीत ‘क़बूम = कबूल करणे’ ही नोंद बरेच दिवस होती. ‘कबूल’ मूळचा अरबी, त्याचा धातू क़-ब-ल. क़बूममध्ये ‘ल’ कुठेच नाही. तिथलं तिसरं व्यंजन दुबळं आहे, ते ‘इ’ या स्वरातच काय ते दिसतं. शेवटचा ‘म’ तर धातूचा भागच नव्हे. तो नामांना लागतो आणि पुढच्या काळात गळून नुसतं ‘क़बू’ उरतं.

‘कौल’चा मोह त्याहून वाईट. अरबी ‘क़ौल’ म्हणजे शब्द, वचन. देवळात लावतात तो कौलही त्यातलाच. पण अक्कडियनमधलं तसंच दिसणारं ‘क़ालुम’ म्हणजे गप्प राहणे, कान देऊन ऐकणे. बोलणाऱ्याच्या तोंडाला तुम्ही कुलूप लावाल.

नुक्ताही (अक्षराखालचं टिंब) गाळू नका. ‘क’ आणि ‘क़’ ही तिथे वेगळी व्यंजनं आहेत. शिकागोच्या असिरियन कोशात (नाव असिरियन, पण शब्दकोश अक्कडियनचाच) ‘क़’चा स्वतंत्र खंड आहे, तेरावा. ‘क’च्या खंडात शोधत बसलात तर हा शब्द सापडणारच नाही.

आता रूपं. खरी अडचण इथे येते. ‘इक़्बी’ म्हणजे तो म्हणाला, ‘इक़ब्बी’ म्हणजे तो म्हणतो किंवा म्हणेल. वाचताना फरक द्वित्ताचा, म्हणजे जोड ‘ब’चा, वाटतो, पण जुन्या बॅबिलोनी लिपिकांनी द्वित्त लिहायचा कंटाळा केलेला असतो, म्हणून मातीच्या पाटीवर ‘इ-क़-बी’ एवढंच मिळतं. मग ‘ब’ मोजू नका, क़ आणि ब यांच्यामधला ‘अ’ बघा. भूतकाळी रूपात तो नसतो, ते ‘इक़-बी’ असं दोनच चिन्हांत बसतं. ‘मी म्हणालो’ला ‘अक़्बी’, ‘तू म्हणालास’ला ‘तक़्बी’, ‘आम्ही म्हणालो’ला ‘निक़्बी’.

‘इक़्बू’ दिसलं की ‘ते म्हणाले’ असं लिहून मोकळे होऊ नका. आधी ‘शा’ (जो, जे) आहे का ते पाहा. ‘शा इक़्बू’ म्हणजे ‘जे तो म्हणाला’, एकवचनीसुद्धा असू शकतं. गौण वाक्यातल्या क्रियापदाला ‘उ’ लागतो आणि तो आधीच्या ‘इ’ला गिळतो.

‘इक़्तबी’मधला ‘त’ पूर्ण काळाचा. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांतल्या शेवटच्या, २८२ व्या कलमात तो आहे. सूसा इथे १९०१-०२ मध्ये सापडलेला आणि आता लूव्र संग्रहालयात असलेला, हे कायदे कोरलेला तो काळा दगड. “शुम्मा वर्दुम अना बेलीशु उल बेली अत्ता इक़्तबी”: जर गुलाम आपल्या धन्याला ‘तू माझा धनी नाहीस’ असं म्हणाला. (पुढे सिद्ध झालं तर कान कापायची शिक्षा.) क्रियापद शेवटी, बोललेलं त्याच्या आधी, अगदी मराठीसारखं. इंग्रजी भाषांतर समोर ठेवून मराठी करणारे ही आयती सोय घालवतात. याच शिलालेखात ‘क़िबीत’ येतं, त्याचा अर्थ मात्र ‘म्हणणं’ करू नका. ‘इना क़िबीत शमश’ म्हणजे शमश देवाच्या आज्ञेनं. म्हणणाऱ्याचा अधिकार मोठा असला की क़बूमचं हुकूम करणं होतं.

राहिली पत्रं. ऊर शहरातली ती प्रसिद्ध तक्रार, एआ-नासिर या व्यापाऱ्याच्या खराब तांब्याबद्दल, इ.स.पू. १७५० च्या आसपासची, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिची सुरुवात अशी: “अना एआ-नासिर क़िबी-मा, उम्मा नन्नी-मा.” यातल्या ‘मा’मुळे कित्येक जण तक्रारदाराचं नाव ‘नन्नीमा’ करून टाकतात. नाव नन्नी, ‘मा’ हा शब्दाला चिकटणारा प्रत्यय. ‘उम्मा’ म्हणजे पुढे बोलणं सुरू होतंय याची खूण. संस्कृत ‘इति’ बोलून झाल्यावर येतो, उम्मा आधी.

आणि ‘क़िबी’ हे आज्ञार्थी रूप, ‘सांग’. कोणाला उद्देशून? सगळे म्हणतात एआ-नासिरला. तसं नाही. ‘एआ-नासिरला सांग’ हे पाटी वाचून दाखवणाऱ्याला म्हटलंय. एआ-नासिरची पाळी पुढच्या ओळींत येते, आणि तिथे नन्नी त्याची गय करत नाही.