विदर्भात पर्यावरणपूरक वस्ती उभारताना या चुका टाळा

पाच-सहा कुटुंबांनी मिळून जमीन घ्यायची, मातीची घरं बांधायची, विषमुक्त पिकवायचं आणि खर्च वाटून राहायचं, असा विचार करणारी माणसं वर्धा, नागपूर, अमरावतीकडे आता बरीच भेटतात. हा विचार मोलाचा आहे, तो तगला पाहिजे. पण पुष्कळदा आराखडा बाहेरून आणलेला असतो. इथली माती, इथलं ऊन आणि इथल्या गावाची वहिवाट त्यात धरलेलीच नसते. पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच निघतात.

फक्त सातबारा पाहून जमीन घेणे

भोगवटादार वर्ग 1 (जमीन मोकळेपणाने विकता येते) की 2 (विकायला सरकारी परवानगी लागते), फेरफार, वारसांच्या सह्या हे सगळे पाहतात. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. पण विदर्भाला 1958 चा वेगळा कुळवहिवाट कायदा लागू आहे, म्हणून सल्ला इथल्याच जाणत्या वकिलाचा घ्या. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर बिगरआदिवासीने तो विषय तिथेच सोडावा.

राहून जातात ते दोन कागद: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. सरकारी जमिनीवर गावाची चराई, जळण, गुरांचं पाणी यांचे हक्क पहिल्यात असतात. खाजगी जमिनीतून जाणारी वाट, पाणी, मासेमारी यांची वहिवाट दुसऱ्यात असते. गायकी (गुराखी) रोज ज्या धुऱ्यावरून (बांधावरून) गुरं तलावावर नेतो, तिथे नवे मालक तारेचं कुंपण घालतात आणि गावाशी पहिलं भांडण तिथेच पेटतं. कुंपण घालून झालं असेल तर वाटेपुरती तार काढा, फाटक लावा आणि हे ग्रामसभेत उभं राहून सांगा. एकट्या सरपंचाच्या कानावर घालून भागत नाही, कारण गुरं गावाची असतात.

काळ्या मातीवर उथळ पाया

कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराखालची मातीही तशीच हलत असते. दोन फुटांचा पाया घेऊन भिंत उभी केली की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्या. काळी माती खोलवर असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका. खड्डा भरताना निघालेली काळी माती परत टाकू नका, मुरूम टाका. भिंतीभोवती बाहेरच्या बाजूला उताराचा ओटा करा आणि पागोळ्याचं पाणी लांब काढून द्या.

भेग पडलीच असेल तर लगेच लिंपून झाकू नका. तिच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या. खूण ओलांडून भेग पुढे गेली तर दोष पायात आहे, वरून कितीही लिंपलं तरी ती पुन्हा उघडणार.

मातीच्या घराला देखभाल लागत नाही, हा आणखी एक गैरसमज. सेवाग्रामची बापूकुटी 1930 च्या दशकातली आहे. ती उभी आहे ती सततच्या निगेमुळे. दरवर्षी पावसाआधी कवेलू (कौलं) फेरावे लागतात, भिंती लिंपाव्या लागतात, वाळवीची वाट मोडावी लागते. हे टाळायला म्हणून टिना टाकल्या की मे महिन्यात दुपारी घरात थांबवत नाही. बांधकामाआधी वर्ध्याजवळ दत्तपूरचं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र पाहून या. 1976 पासून तिथे गावाच्या साहित्यातून घर बांधण्यावर काम झालं आहे.

पाणी

बोअर मारण्याआधी आजूबाजूच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात तपासून घ्या. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, भूगर्भातलं पाणीच खारं आहे. तिथे छतावरचं पाणी टाक्यात साठवण्याची तजवीज आधी करावी. शोषखड्डा काळ्या मातीत लवकर तुंबतो. सांडपाणी केळी, कर्दळीच्या वाफ्यात पसरवून सोडलेलं बरं.

गोबरगॅसचा हिशेब

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण लागतं. पुस्तकात त्यासाठी पाच जनावरं लिहिलेली असतात, पण ती दिवसभर गोठ्यात बांधलेली. आपली गुरं दिवसभर रानात चरतात, हाती येतं ते रात्रीचं शेण. म्हणून संयंत्र लहान घ्या किंवा दोन घरांत एक ठेवा. सुरुवातीचा गॅस पेटत नाही म्हणून घाबरू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो सोडून द्यावा. ज्योत फडफडत असेल तर नळीत पाणी साचलेलं असतं, ते काढा. शेण आणि पाणी समान घ्या, काडीकचरा वेचून टाका.

निर्णय मतदानाने उरकणे

ही चूक सगळ्यात महाग पडते. सहा घरांत मतदान झालं की चार जिंकतात आणि दोन घरं हळूहळू बैठकीला यायची थांबतात. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने यावर आपली रीत बसवली. अभ्यासगटात विषयाचा कीस पाडायचा, पण तिथे ठराव करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं. या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावरचे गावाचे हक्क, मिळाले, तरी स्वतःचा बांबू बाहेर नेण्याचा परवाना हाती यायला 2011 उजाडलं. तेवढा काळ गाव फुटलं नाही, यात थांबायच्या त्या सवयीचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर जंगल राखण्यासाठी तेंदूपत्त्याचं उत्पन्न सोडलं. असा निर्णय चार विरुद्ध दोनने घेतला असता तर पाळला गेला नसता.

मात्र मोटर किती वाजता लावायची, किराणा कोणी आणायचा, यासाठी सहमतीची वाट पाहू नका. अशी कामं महिन्यापुरती एकेकाकडे द्या आणि मधे बोलू नका.

सामायिक स्वयंपाकघर सुरू करण्याआधी पाणी, शेण, सारवण, स्वयंपाक, पाहुणे ही कामं कोण किती तास करतं ते आठवडाभर भिंतीवर लिहून पाहा. यादीत बायकांचीच नावं दिसतील, तर वाटणी बदलल्याशिवाय चूल एकत्र करू नका.

आणि एक कागद राहायला येण्याआधीच करा: एखादं घर सोडून गेलं तर त्याला जमिनीचा, विहिरीचा, बांधकामाचा किती वाटा आणि किती मुदतीत मिळेल. त्यावर घरातल्या दोघांच्याही सह्या घ्या, नवऱ्याची आणि बायकोची.