ब्रिज कोर्स लावायचा की नाही? इंजिनीअरिंगला जाण्याआधी या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. २०२५ मध्ये बोर्डाचा निकाल ५ मे रोजी लागला, पीसीएमच्या सीईटीचा १६ जूनला, आणि प्रवेशाच्या कॅप राउंडच्या पहिल्या यादीपर्यंत जुलै संपत आला. एवढे मोकळे दिवस दिसले की कुणी ना कुणी कोर्स घेऊन दारात उभं राहतं आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो, की पोरगं मागे तर पडणार नाही ना. मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. ब्रिज कोर्सने, म्हणजे आधीचं कच्चं राहिलेलं भरून काढणाऱ्या छोट्या वर्गाने, वर्ष वाचलेली मुलं मी पाहिली आहेत. पण तो कुणी लावायचा आणि कशासाठी, याचा विचार न करताच लोक पैसे भरतात, किंवा तसाच विचार न करता नाही म्हणतात.

एम-वन आधीच उरकून टाकणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. खासगी क्लासवाले ब्रिज कोर्सच्या नावाखाली पहिल्या सेमिस्टरचं गणित, म्हणजे एम-वन, पाच-सहा आठवड्यांत ‘कम्प्लीट’ करून देतात. टेलर सिरीज, पार्शल डिफरन्शिएशन, आयगेन व्हॅल्यू, सगळं. मुलगा ऑगस्टमध्ये वर्गात येतो तो जाडजूड फाइल घेऊन. पहिले दोन आठवडे सगळ्यात आधी हात त्याचाच वर असतो. मग इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा होते आणि पेपर तपासताना दिसतं, की पार्शल डेरिव्हेटिव्हची व्याख्या बरोबर, सूत्र बरोबर, पण साइन एक्स वर्गचं डेरिव्हेटिव्ह कॉस एक्स वर्ग लिहून गडी मोकळा झालाय. आतलं दोन एक्स बाहेर आलेलंच नाही. चेन रूल अकरावी-बारावीचा आहे. एम-वन दोनदा शिकूनही तो दुरुस्त होत नाही, कारण एम-वन शिकवणारा तो येतो असं धरूनच पुढे जातो.

असं का होतं, तेही सांगते. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, प्रत्येकाला चार पर्याय आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. त्यात अकरावीचा वाटा साधारण २० टक्के. मुलं दोन वर्षं पर्याय घालून बघायला, उलट्या बाजूने उत्तर काढायला शिकतात. परीक्षेसाठी ते योग्यच आहे, त्यांना दोष देणार नाही. पण कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गणित लिहायची सवय मोडलेली असते आणि अकरावीचे निम्मे धडे नुसते चाळलेले असतात. खड्डा तिथे आहे. ब्रिज कोर्सने तो बुजवायला हवा. क्लासची जाहिरात हातात आली की आधी विचारा, ‘अकरावी-बारावीचं काय काय घेणार?’ उत्तर ‘ते तर येतच असेल’ असं आलं, तर उठून या.

‘मॅडम, ब्रिज लावू का?’ असं कुणी विचारलं की मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवते आणि दहा गणितं घालते. लॉगचं एक, ट्रिगोनोमेट्रीच्या दोन ओळखी सिद्ध करायच्या, चेन रूलची दोन, इंटिग्रेशन बाय पार्ट्सचं एक, तीन बाय तीनचा डिटरमिनंट, कॉम्प्लेक्स नंबर पोलर रूपात, रेषेचा उतार, एक साधी लिमिट. पर्याय नाहीत, कॅल्क्युलेटर नाही, वेळ तासभर. सात-आठ नीट आली तर कोर्सची गरज नाही, घरी बसून पुस्तक सोडव. चार किंवा कमी आली तर जा, आणि जिथे हळू शिकवतात तिथे जा. मधल्या मुलांना मी अकरावीची दोन्ही पुस्तकं काढायला लावते. ई-बालभारतीवर ती फुकट मिळतात. सरावसंचातलं प्रत्येक गणित वहीत लिहून सोडवायचं. मोबाइलवर व्हिडिओ बघत मान डोलवणं म्हणजे गणित करणं नव्हे, हे मला दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.

‘मी डिप्लोमाचा, मला कशाला ब्रिज?’

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांना ब्रिज कोर्सची गरज सगळ्यात जास्त असते आणि तो बुडवतातही तेच. एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाच्या बहुतेक शाखांत गणिताचे पेपर पहिल्या वर्षीच संपतात. म्हणजे डिग्रीला येईपर्यंत दोन वर्षं गणिताला हात लागलेला नसतो, एम-वन आणि एम-टू तर पाहिलेलेच नसतात. आणि समोर उभं असतं एम-थ्री, दुसऱ्या वर्षाचं गणित.

मेकॅनिकलचा एक मुलगा आठवतो. डिप्लोमात नव्वदच्या वर टक्के, वर्कशॉपमध्ये तर आमच्या मुलांना शिकवील असा. कॉलेजचा ब्रिज कोर्स त्याने सोडला आणि ते दिवस कॅडच्या क्लासला दिले. इनसेमनंतर वही घेऊन आला. व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्सचं गणित होतं. कॉम्प्लिमेंटरी फंक्शन बरोबर, राँस्कियन बरोबर, सगळी मांडणी देखणी. आणि साइन वर्ग भागिले कॉस एवढं इंटिग्रेट करायचं राहिलं होतं, तिथे पेन थांबलेला. साइन वर्गच्या जागी एक वजा कॉस वर्ग लिहायचं, की दोन सोपे तुकडे पडतात. बारावीची गोष्ट आहे. त्याला ती कुणी कधी शिकवलीच नव्हती, कारण बारावी त्याने केलीच नव्हती. ‘मॅडम, मला वाटलं एम-थ्रीच अवघड आहे,’ असं तो म्हणाला. त्याच्याकडून इंटिग्रेशनच करून घेतलं, रोज थोडं, कॉलेज सुटल्यावर. तरी पहिल्या खेपेला पेपर राहिला, दुसऱ्या खेपेला निघाला. एवढ्या गुणी मुलाच्या गुणपत्रिकेवर बॅकलॉग लागला याचं मला आजही वाईट वाटतं. दोन आठवड्यांच्या वर्गाने तो टळला असता.

डिप्लोमाच्या मुलांना म्हणून माझं एकच सांगणं असतं. इंटिग्रेशन येतं का ते बघा. येत नसेल तर बाकी सगळे क्लास बाजूला ठेवा.

बाकीच्या चुका

इंडक्शनला ब्रिज समजू नका. तंत्रशिक्षणाची देशातली शिखर संस्था एआयसीटीईने सुचवलेला तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम मूल्यशिक्षण, कला, खेळ, परिसरभेटी, विभागाची ओळख यांसाठी आहे. तो जरूर करा, मित्र तिथेच जमतात. पण त्याने लॉग सुधारणार नाहीत.

कागदपत्रं अर्धवट टाकून पुण्यात रूम घेऊन क्लासला बसू नका. नॉन-क्रिमी लेयर आणि जातवैधता वेळेत गेली नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. आधी तहसील, मग क्लास.

कुठलं कॉलेज, कुठली शाखा हे ठरायच्या आत मोठी फी भरू नका. बऱ्याच कॉलेजांचा स्वतःचा ब्रिज कोर्स असतो आणि त्याला वेगळे पैसे लागत नाहीत.

‘दोन महिन्यांत फुल स्टॅक’ असे प्रोग्रामिंगचे क्लास नकोत. सीमध्ये किंवा पायथनमध्ये स्वतःच्या हाताने लूप लिहिता आला, एवढं पुरे.

इंग्रजीची धास्ती असेल तर स्पीकिंगच्या क्लासआधी गणिताचं इंग्रजी पुस्तक रोज दोन पानं मोठ्याने वाचा. वर्गात अडतं ते बोलण्यात नाही, ऐकून लिहिण्यात अडतं.

पालकहो, मुलाला न विचारता नाव घालू नका. कॅमेरा बंद करून ऑनलाइन ब्रिजला हजेरी लावणारी मुलं आम्हाला नावानिशी माहीत असतात.

शेवटच्या राउंडला आलेल्यांनी

यांचं नुकसान सगळ्यात शांतपणे होतं. प्रवेश होईपर्यंत कॉलेजचा ब्रिज संपलेला असतो आणि हे विचारायला लाजतात. लाजू नका. एआयसीटीईच्या २०२१-२२ च्या नियमपुस्तिकेतच वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांसाठी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग अशा विषयांचे ब्रिज कोर्स विद्यापीठांनी द्यावेत असं म्हटलेलं आहे. रिपोर्टिंगच्या दिवशी फी भरून झाली की ऑफिसातून थेट घरी जाऊ नका. पहिल्या वर्षाच्या समन्वयकांना भेटा आणि तीन गोष्टी विचारा: ब्रिजच्या नोट्स कुणाकडे मिळतील, उशिरा आलेल्यांसाठी दुसरी बॅच आहे का, आणि नसेल तर गणिताचे शिक्षक कोणत्या वेळेला मोकळे असतात. वेळ मिळाली की वहीत लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात जा, अकरावीचं पुस्तक सोबत घेऊन.